पोरांना स्वतःचा पासवर्ड कोडमध्ये का लिहायला लावता?

कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या पोरांना पंचगंगेची पाणीपातळी मोजायचा प्रोजेक्ट सुचणारच. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आकडे इथं शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. ईएसपी३२ बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा, स्वस्तातला कॉम्प्युटरच म्हणा), आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, रीडिंग बरोबर येतंय. आणि कॅम्पसच्या वाय-फायला जोडायला गेलं की सीरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाचे मेसेज दाखवणाऱ्या खिडकीत, नुसती टिंबं, जोडणी होतच नाही. टिंबावर टिंब!

कसं जोडणार? नेटवरच्या बहुतेक उदाहरणांत फक्त वाय-फायचं नाव आणि एक पासवर्ड असतो. कॅम्पसला एंटरप्राइझ सिक्युरिटी, म्हणजे प्रत्येकाचं युजरनेम-पासवर्ड रेडियस नावाचा लॉगिन सर्व्हर तपासणार. ईएसपी३२ ला हे जमतं! पीप (PEAP) ही लॉगिनची पद्धत निवडायची, आयडेंटिटी, युजरनेम, पासवर्ड द्यायचा, वर सर्व्हर ओळखायला सीए सर्टिफिकेट. पण ते सर्टिफिकेट मागितलं की कॉलेजचे नेटवर्कवाले 'फोनला कुठं लागतंय?' म्हणून पोरांना वाटेला लावतात.

मग पोरं सर्टिफिकेट गाळतात आणि बोर्ड जोडला जातो. इथंच खरा घोळ आहे. त्याच नावाचं खोटं वाय-फाय कुणी शेजारी उभं केलं तर बोर्ड डोळे झाकून त्यालाही जोडेल, आणि लॉगिनची देवाणघेवाण पकडून पासवर्ड फोडता येतो. तोच पासवर्ड ईमेलचा, तोच निकालाच्या पोर्टलचा! शिवाय तो कोडमध्ये उघडा लिहिलेला. कोड गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांना बघायला ठेवतात त्या साइटवर, टाकला की सगळ्या जगाला दिसला. याला सुरक्षा म्हणायचं?

लॉगिन पेजवालं वाय-फाय तर त्याहून वाईट. बोर्डाला ना स्क्रीन ना ब्राउझर, 'मान्य आहे' वर टिचकी कोण मारणार? राहिला मोबाईलचा हॉटस्पॉट. तोही २.४ गिगाहर्ट्झवर ठेवावा लागतो, कारण साध्या ईएसपी३२ ला ५ दिसतच नाही. आणि फोन घेऊन पोरगं घरी गेलं की रात्रीचं रीडिंग बंद. पाणी काय कॉलेजची वेळ बघून चढतंय होय?

नेटवर्कवाल्यांनो, या बोर्डांसाठी वेगळं वाय-फाय काढा, वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे बाकी नेटवर्कपासून तोडलेल्या भागात. प्रत्येक बोर्डाला त्याच्या मॅक ॲड्रेसला (बोर्डाच्या वाय-फायचा ओळख नंबर) बांधलेला स्वतंत्र वाय-फाय पासवर्ड द्या. आतल्या सर्व्हरकडं जाऊ देऊ नका, बाहेर रीडिंग पाठवायला एमक्यूटीटीचा ८८८३ आणि वेळेसाठी १२३ एवढेच पोर्ट उघडा. अर्ज एका पानाचा ठेवा: मॅक ॲड्रेस, रोल नंबर, गाइडची सही, प्रोजेक्ट संपायची तारीख. त्या तारखेला तो पासवर्ड बंद करा.