टॅपेट वाजत नाही म्हणून बिनघोर राहू नका

"इंजिन वाजत नाही तोवर टॅपेटला हात लावू नका. टिकटिक सुरू झाली की टाइट करून घ्या, आवाज गेला की काम झालं." टॅपेट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतला भाग, आणि त्याबद्दल बाइकवाल्यांमध्ये हा सल्ला सतत फिरत असतो. यातलं एकही वाक्य बरोबर नाही, आणि पहिलं तर इंजिनाच्या जिवावर उठणारं आहे.

आधी "वाजत नाही तोवर ठीक" हेच घेऊ. टॅपेटचा गॅप म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा दांडा) आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यातली केसाएवढी फट. बऱ्याच बाइकना इनटेकला (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) ०.०८ ते ०.१० मिमीच्या आसपास, एक्झॉस्टला (जळका गॅस बाहेर सोडणाऱ्याला) थोडी जास्त. फट वाढली की टकटक ऐकू येते. कमी झाली की इंजिन उलट शांत होतं! ६,००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा सीटवर, म्हणजे बंद होताना तो जिथे टेकतो त्या कडेवर, आपटतो. सीट झिजत जाते, व्हॉल्व्ह वर सरकतो, फट संपते आणि शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो सीटला टेकलेला असतानाच हेडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेल्या इंजिनाच्या वरच्या भागात, उतरते. टेकायलाच मिळालं नाही तर तो तापत राहतो, जळता गॅस कडेने सुटतो आणि कड जळते. मग नुसत्या सेटिंगने भागत नाही, हेड उतरवावं लागतं.

माझी बाइक अगदी शांत चालायची. पण सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी दमायची, आणि तापल्यावर सिग्नलला बंद पडायची. प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, फरक शून्य. टॅपेट कव्हर उघडलं तर एक्झॉस्टला फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या जुडग्याची) ०.०५ ची पातीही शिरेना. गॅप लावला आणि पहिल्याच बटणाला चालू झाली. स्टार्टिंगचा त्रास, स्लोला न टिकणं, पिकअप पडणं, किक हलकी लागणं ही टाइट टॅपेटची लक्षणं आहेत. पण तोवरही थांबू नका. मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरला गॅप मोजाच.

"टिकटिक आली की टाइट करा." टिकटिक टायमिंग चेनची असते, हेडपाशी लीक झालेल्या सायलेन्सरच्या गॅस्केटची असते, इंजेक्टरची तर नेहमीचीच असते. न मोजता टॅपेट आवळला तर चांगला व्हॉल्व्ह आपल्याच हाताने जाळायला घेतला म्हणायचं.

"आवाज गेला की काम झालं." कानाने गॅप लागत नाही, आणि गरम इंजिनवर तर नाहीच. मॅन्युअलमधले आकडे थंड इंजिनाचे असतात, म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवरच मोजायचं. मॅग्नेटची (क्रँकबरोबर फिरणाऱ्या चाकावरची) टी खूण, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर आल्याची खूण, जुळवा आणि दोन्ही रॉकर किंचित हलतात का बघा. हलत नसतील तर पिस्टन एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी आहे, इंजिन आणखी एक फेरा फिरवा. पाती हलकी ओढ देत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू हमखास फिरतो, तेव्हा आवळून झाल्यावर पुन्हा पाती घाला.

हायड्रॉलिक टॅपेटच्या (तेलाच्या दाबाने फट आपोआप भरून काढणाऱ्या) इंजिनांना हे सेटिंग लागत नाही. बाकीच्यांनी दर वेळी मिळालेला गॅप किलोमीटरसकट लिहून ठेवावा. एकच व्हॉल्व्ह दर खेपेला भराभर टाइट होत असेल, तर त्याची सीट खचतेय आणि हेडचं काम जवळ आलंय.