"दार उघडंच होतं, मग ती निघाली काहून नाही?"

गेल्या आठवड्यात टीव्हीवरच्या एका क्राइम मालिकेत आश्रमाचा भाग लागला होता, बऱ्याच जणांनी पाहिला असेल. एक नर्स बाई, नवरा गेल्यावर एका बाबाच्या सत्संगात जायला लागते, मग नोकरी सोडून पोरीला घेऊन आश्रमातच राहायला जाते, अन् एक दिवस पोरगी गायब होते तर आईच पोलिसांना सांगते की काही झालं नाही, गुरुजींनी तिला साधनेला पाठवलं. भाग संपला नाही तोच व्हॉट्सॅपवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागला, माझ्याकडेच चार ग्रुपवरून आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: असे फसणारे लोक अडाणी असतात, त्या बाईला जायचं असतं तर दार उघडंच होतं, इतक्या वर्षांनी तक्रार करणारे पैशासाठी करतात, असले भाग फक्त आपल्या धर्माची बदनामी करायला दाखवतात, आणि महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आल्यापासून असलं काही होतच नाही. खाली हसणारे इमोजी.

मला यातलं एकही वाक्य पटलं नाही, म्हणून हे लिहून राहिलो.

पहिले ते अडाणीवालं. १९९५ च्या मार्चमध्ये टोकियोच्या मेट्रोत सरीन नावाचा विषारी वायू सोडला होता, डझनाहून जास्त लोक मेले, हजारो आजारी पडले. सोडणारे ओम शिनरिक्यो पंथाचे होते, आणि ज्यांनी हातानं ती पाकिटं छत्रीच्या टोकानं फोडली त्यात एक हृदयाचा सर्जन होता. सर्जन! आयुष्यभर लोकांची छाती उघडून जीव वाचवलेला माणूस. बरं जपान लांब आहे म्हणता, तर ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्याच नागपुरात पाच वर्षांच्या पोरीच्या अंगात काही शिरलं म्हणून तिला मारलं अन् ती गेली, आईबाप अन् मावशीला अटक झाली. बाप यूट्यूबवर लोकल बातम्यांचा चॅनल चालवत होता. म्हणजे रोज कॅमेऱ्यासमोर बोलणारा, मोबाइल अन् इंटरनेट हातात असलेला माणूस. शिक्षणानं माणूस गणित शिकते, इंग्रजी शिकते, पण घरात कोणी मेलं की रात्री दोन वाजता काय करायचं हे कोणत्याच वर्गात शिकवत नाही, आणि हे लोक नेमके त्या दोन वाजता तुमच्याजवळ येऊन बसतात.

हे मी माझ्या मावशीमुळे सांगू शकतो. ती बँकेत कॅशियर होती, दुसऱ्याच्या हिशोबात पाच रुपये कमी पडले तर संध्याकाळी थांबून शोधून काढायची. काका अचानक गेले. आम्ही सगळे नंदनवनला तिच्या घरी जमलो, रडलो, तेरवी झाली अन् आपापल्या घरी गेलो. तेरवीनंतर जे लोक रोज यायचे ते सत्संगवाले होते (नाव घेत नाही). मे महिना होता, एक जण रोज संध्याकाळी येऊन कूलरमध्ये पाणी भरून द्यायचा, एक बाई डबा आणायची, तिसरी नुसती हात धरून बसायची. कोणी पैसे मागितले नाही, कोणी चमत्कार दाखवला नाही, पहिले सहा महिने तर फक्त कूलरचं पाणी अन् डबा. आता सांगा यात मूर्खपणा कोणता? माणूस एकटा पडला होता अन् कोणीतरी आलं, आम्ही नाही आलो.

आणि इथं त्या भागाचीही चूक आहे. त्यातला बाबा पहिल्या सीनपासून लाल डोळ्याचा, मागे भीतीदायक म्युझिक, त्यामुळे सोफ्यावर बसलेल्या माणसाला वाटते की मी तर पाहताबरोबर ओळखलं असतं, ह्या बाईला कळत कसं नव्हतं. खऱ्यात म्युझिक वाजत नाही हो, खऱ्यात तो माणूस तुमच्या पोराच्या फीची चौकशी करते.

आता दार. मेसेजमधलं सगळ्यात जास्त लाइक केलेलं वाक्य हेच आहे की दाराला कुलूप नव्हतं. कुलपाची गरजच पडत नाही. मावशीचं कसं झालं, आधी सेवा, मग आठवड्यातून तीन दिवस सेवा, मग सांगितलं की लग्नबिग्नात जाऊ नका मन विचलित होते, मग तिथं गेलं की मोबाइल दारातल्या टोपलीत ठेवायचा, मग एफडी मोडली, मग बहिणीशी म्हणजे माझ्या आईशी बोलणं बंद, कारण आई प्रश्न विचारायची. तिच्याकडे एक वही होती, तिनं मला नंतर दाखवली, बँकेतल्यासारखे रकाने आखलेले, डाव्या बाजूला तारीख, उजवीकडे लाल बॉलपेननं रक्कम, अन् शेवटच्या रकान्यात कशासाठी दिले त्यासाठी एकच शब्द, "सेवा", पानोपान. प्रत्येक पानाखाली बेरीज केलेली होती. म्हणजे तिला आकडा माहीत होता! आंधळी नव्हती. पण निघून जायचं म्हणजे जायचं कुठं, सख्खे तुटलेले, मैत्रिणी सगळ्या आतल्याच, आणि बाहेर पडायचं म्हणजे स्वतःला सांगायचं की काकांच्या नंतरचं आपलं सगळं आयुष्य खोट्यावर गेलं. ते कुलपापेक्षा जड आहे.

आणि जिथं खरंच पहारा असतो तिथलंही ऐका. दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात जिम जोन्स नावाच्या अमेरिकन गुरूच्या पंथाची जोन्सटाउन म्हणून वस्ती होती, तिथं १८ नोव्हेंबर १९७८ ला नऊशेच्या वर लोक मेले, बहुतेक विषानं, त्यातली साधारण एक तृतीयांश लेकरं. त्याच दिवशी काही जण अमेरिकेतून आलेल्या खासदारासोबत निघायला तयार झाले होते, तर विमानाजवळ त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, खासदारही मेला. दार उघडं होतं म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

उशिरा तक्रार म्हणजे खोटी तक्रार, हा तिसरा मुद्दा. डेरा सच्चा सौदाच्या राम रहीमबद्दल २००२ साली एका साध्वीनं पंतप्रधानांना निनावी पत्र लिहिलं होतं. बलात्काराच्या केसमध्ये तो दोषी ठरला ऑगस्ट २०१७ मध्ये. पंधरा वर्षं! आणि निकाल आला त्या दिवशी पंचकुलात जी दंगल झाली त्यात तीसहून जास्त जीव गेले. हे समोर दिसत असताना कोणती बाई दुसऱ्याच दिवशी ठाण्यात जाईल? अन् जी लगेच गेली तिचं काय झालं तेही पाहा. आसारामबापूवरच्या बलात्काराच्या केसमधली अल्पवयीन मुलगी त्याच्याच छिंदवाड्याच्या गुरुकुलात शिकत होती, छिंदवाडा म्हणजे इथून गाडीनं तीन तास. तिनं काही दिवसांतच तक्रार केली होती. तरी वर्षानुवर्षं तिलाच खोटं म्हटलं गेलं, त्याच्याविरुद्धच्या केसेसमधल्या साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचा खून झाला, अन् शिक्षा लागली एप्रिल २०१८ मध्ये, जन्मठेप. म्हणजे लवकर बोला तरी खोटी, उशिरा बोला तरी खोटी, मग तुमच्या हिशोबानं तिनं बोलायचं तरी कधी?

धर्माच्या बदनामीचं फार लांबवत नाही. जोन्सटाउनचा जिम जोन्स चर्चचा पाद्री होता, ओमवाले बुद्धाचं अन् योगाचं नाव घेत होते, तेव्हा फक्त आपलंच दाखवतात हे खरं नाही. आणि भोंदू साधूवर सगळ्यात कडक बोलले ते आपले तुकोबा. आपल्या विदर्भात गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे अन् रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून नवस अन् कोंबड्या-बकऱ्यांचे बळी सोडवायचे, तुकडोजी महाराजांनी तेच खंजिरीवर सांगितलं, ज्यांचं नाव आपल्या विद्यापीठाला आहे. ह्यांनी धर्म बदनाम केला म्हणता का?

राहिला कायदा. तो आहे, आणि त्याच्यासाठी जीव गेला आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात. चार दिवसांत अध्यादेश निघाला अन् डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशनात आपल्या नागपूरलाच तो मंजूर झाला. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, अजामीनपात्र. कीर्तन, भजन, वारी, घरची पूजा, मंदिर, दर्गा, चर्चमधली प्रार्थना याला तो हात लावत नाही, तसं कायद्यातच लिहिलं आहे, त्यामुळे पूजापाठावर बंदी आली म्हणणारेही चुकीचं सांगून राहिले. पण कायदा आहे म्हणून असलं काही होतच नाही? वर सांगितलेली पाच वर्षांची पोरगी कायदा आल्यावर नऊ वर्षांनी गेली. कायद्याला कोणीतरी तक्रार करावी लागते, अन् मावशीसारखी बाई तक्रार करत नाही, कारण तिला सगळ्यात जास्त भीती बाबाची नाही, लोक हसतील याची आहे.

ती बाहेर आली ती गुडघ्यामुळे. चालता येईना, डॉक्टरकडे जायचं नाही म्हणाले, दुखणं म्हणजे तुमच्या मनातली शंका आहे, ती काढा. सहा महिने तिनं शंका काढली. मग एका सकाळी माझ्या आईला फोन केला, चार वर्षांनी, अन् फक्त एवढंच म्हणाली, "ताई, मला पायऱ्या उतरता येत नाही."

आता ती आमच्याकडे असते. त्या दिवशीचा भाग आम्ही सोबत पाहत होतो, अर्ध्यातून उठून ती स्वयंपाकघरात गेली अन् धुतलेले कप परत धूत बसली. दुसऱ्या दिवशी तो मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आला, हसणाऱ्या इमोजींसकट. टाकणाऱ्या भावाला मी लगेच फोन केला, त्याच्या लक्षातच आलं नव्हतं, त्यानं माफी मागून डिलीट केला. पण मावशी सकाळी साडेपाचला उठते, तिनं तोवर वाचला होता.