नकार द्या, पण द्या तरी

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत काचेच्या इमारतींची आणि जुन्या कारखान्यांची जी दाटी आहे, तिच्यातल्या कोणत्याही कंपनीने आमच्या विद्यार्थी क्लबला पैसे दिलेच पाहिजेत, असे मी कधीही म्हटलेले नाही. पैसे त्यांचे आहेत, ते कोठे खर्च करायचे हेही त्यांनीच ठरवावे. माझा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. महिनोन्‌महिने पाठपुरावा करूनही या मंडळींच्या तोंडून ‘जमणार नाही’ एवढे निघत नाही. ‘प्रपोजल मेल करून ठेवा, बघून कळवतो’ असे म्हणायचे आणि मग ताकास तूर लागू द्यायचा नाही, ही येथली रीतच होऊन बसली आहे.

आमचा क्लब नवी मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातला, रोबोटिक्सचा. डीडी रोबोकॉन या राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचे तर दरवर्षी नवा रोबो बांधावा लागतो, कारण स्पर्धेचा विषय आणि नियम दरवर्षी बदलतात. जुन्या मोटारी आणि थोडेफार सुटे भाग पुन्हा वापरता येतात. बाकी सगळे नव्याने. ‘हे कॉलेज फेस्टमधले काहीतरी असते ना?’ असे विचारणाऱ्या एका साहेबांनी इंटरनेटवर क्षणभर शोधले असते, तरी याच स्पर्धेची आंतरराष्ट्रीय फेरी २००८ आणि २०१४ साली पुण्यात झाल्याचे त्यांना दिसले असते. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की बॅटऱ्या, ॲल्युमिनियमचे सेक्शन, मोटर ड्रायव्हर (मोटारींवर नियंत्रण ठेवणारी सर्किटे) हे सारे चाचण्यांच्या आधी विकत घ्यावे लागते. उशिरा आलेला होकार आम्हाला निरुपयोगी असतो, आणि उशिरा आलेला नकार त्याहून वाईट, कारण तोवर होकाराच्या आशेवर आम्ही दुसरे दार ठोठावलेले नसते.

ऐरोलीतल्या एका आयटी पार्कमध्ये भेटीची वेळ ठरवून गेलो होतो. फाटकावर रजिस्टरमध्ये नाव, फोन, लॅपटॉपचा अनुक्रमांक, मग मोबाइलच्या कॅमेऱ्यावर गोल स्टिकर, मग गळ्यात पास. ज्यांनी बोलावले होते त्या मॅडम ‘मीटिंगमध्ये’ होत्या. बऱ्याच वेळाने त्यांच्याऐवजी एक तरुण गृहस्थ कॉफीचा कप घेऊन खाली आले, त्यांनी लॉबीतच उभ्या-उभ्या आमची पुस्तिका उलटीकडून उघडली, रोबोच्या आराखड्याची पाने अंगठ्याने सरकवली आणि एकच प्रश्न विचारला : ‘इन्स्टावर रीच किती आहे तुमचा?’ आकडा ऐकून त्यांनी पुस्तिका काखेत मारली आणि ‘इंटर्नली डिस्कस करून कळवतो’ असे सांगून ते लिफ्टकडे वळले. त्यांचा निर्णय त्याच क्षणी झालेला होता, हे आम्हाला दिसत होते. तो तोंडावर सांगायला त्यांना काय पडले असते?

टोलवाटोलवीचा ठरलेला मार्ग एचआरकडून मार्केटिंगकडे आणि मार्केटिंगकडून सीएसआरकडे, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा खर्च पाहणाऱ्या विभागाकडे, जातो. सीएसआरचे प्रकरण सर्वांत चीड आणणारे आहे, कारण तेथे नियम स्पष्ट लिहिलेले आहेत. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि शिक्षण त्या यादीत आहे. हे वाचून आमच्यासारखे हुरळतात. परंतु हा पैसा बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करायचा, तर ती संस्था नोंदणीकृत न्यास, सोसायटी किंवा तत्सम असावी लागते, तिच्याकडे प्राप्तिकरातल्या सवलतींसाठीची १२ए आणि ८०जी ची नोंदणी लागते, कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो आणि सीएसआर-१ हा सरकारी नोंदणीचा अर्ज भरलेला असावा लागतो. विद्यार्थ्यांचा क्लब यांपैकी कशातच बसत नाही. शिवाय आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी केलेले प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही, असे नियमातच म्हटले आहे; तरीही ‘रोबोवर लोगो केवढा लावाल?’ हा प्रश्न मला सीएसआर विभागातूनच विचारला गेला! ज्या माणसाचे रोजचे कामच हे आहे, त्याला आम्ही बसत नाही हे पहिल्या फोनमध्ये ठाऊक असते. तरी तो आमच्याकडून अहवाल मागवतो, अंदाजपत्रक तक्त्यात मागवतो, प्राचार्यांच्या सहीचे पत्र मागवतो आणि मग फोन उचलायचा थांबतो.

जे ‘हो’ म्हणतात त्यांची तऱ्हा आणखी निराळी. परदेशी शिक्षणाचे सल्लागार आणि क्लासवाले ‘पार्टनरशिप’ला एका पायावर तयार असतात. त्यांच्या बाजूने कापडी पिशव्या आणि सवलतीची कूपने. आमच्या बाजूने प्रवेशद्वारावर बॅनर, सभागृहाबाहेर स्टॉल, व्यासपीठावर दहा मिनिटे (ती दहा मिनिटे कधी दहावर थांबत नाहीत) आणि वर नोंदणी केलेल्या सगळ्या मुलांची नावे, वर्ष आणि मोबाइल क्रमांक. ‘फॉर्मची शीट शेअर करा ना, सगळेच देतात,’ असे मला अगदी सहज सांगण्यात आले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीच संसदेने संमत केला आहे, आणि तो नसता तरी आमच्या ज्युनिअर मुलींचे फोन नंबर कूपनांच्या बदल्यात देण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. आम्ही ते दिले नाहीत, तेव्हा पिशव्याही आल्या नाहीत. बरेच झाले.

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयाबद्दल फार लिहीत नाही. क्लबला स्वतःचे बँक खाते नाही, त्यामुळे रक्कम संस्थेच्या खात्यात जाते. कंपनीला व्हेंडर फॉर्म, पॅन, रद्द केलेला धनादेश आणि जीएसटीविषयीचे घोषणापत्र लागते, आणि यातला प्रत्येक कागद वेगळ्या टेबलावर अडतो.

म्हणे कंपन्यांकडे असे शेकडो मेल येतात. येत असतील; डिसेंबर-जानेवारीच्या फेस्टच्या हंगामात ठाण्यापासून पनवेलपर्यंतचे प्रत्येक महाविद्यालय प्रायोजक शोधत असते. पण दोन ओळींचा ठरावीक नकार पाठवायला किती मनुष्यबळ लागते? वागळे इस्टेटमधल्या एका लहान वर्कशॉपच्या मालकांना ते एका मिनिटात जमले. ‘पोरांनो, यंदा ऑर्डरी कमी आहेत, रोख पैसे मिळणार नाहीत. ड्रॉइंग आणा, शनिवारी मशीन रिकामी असते, लेझर कटिंग करून देतो.’ त्यांच्याकडे ना सीएसआर विभाग होता, ना व्हिजिटर पास. आमच्या रोबोच्या पायाची पट्टी त्यांच्याकडेच कापली गेली, आणि लोगोचे विचारले तर त्यांनी हात झटकला.

मोठ्या कंपन्यांकडून मार्चमध्ये ‘या वर्षाचे बजेट संपले, एप्रिलमध्ये बोलू’ असे उत्तर येते. एप्रिलमध्ये ‘नवे बजेट अजून मंजूर नाही.’ जूननंतर आमच्या क्लबची समिती बदलते, तिकडच्या मॅडमनी नोकरी बदललेली असते, आणि नव्या मुलांना पुन्हा स्वागतकक्षाच्या फोनपासून सुरुवात करावी लागते.

आणि याच कंपन्या कॅम्पस प्लेसमेंटसाठी आमच्याच महाविद्यालयात येतात, तेव्हा ऑफर स्वीकारतो की नाही हे विद्यार्थ्याने चोवीस तासांत लेखी कळवायचे असते. ‘घरी विचारून कळवतो’ असे म्हणणाऱ्या माझ्या वर्गमित्राला प्लेसमेंट सेलने सर्वांसमोर व्यावसायिक शिष्टाचार शिकवले होते.