कुठली केबल?

गोव्यात जून लागला की घराघरांतून एकच आरोळी येते, ‘केबल गेली!’ ती ऐकून मी हळहळत नाही, आधी ‘कुठली?’ म्हणून विचारतो. मालिका अर्ध्यावर तुटलेल्या आजीची केबल वेगळी, दुचाकी ढकलत आलेल्या नातवाची वेगळी आणि विहिरीत वाकून पंपाला शिव्या घालणाऱ्या भाटकाराची तर त्याहून वेगळी.

दोराच्या बाबतीत आपण इतके आळशी कधीच नव्हतो. गाईला दावं, बैलाला कासरा, पोहऱ्याला राजू, पुडीला सुतळी. सगळ्यालाच दोर म्हटलं असतं तर पोहरा गोठ्यात आणि गाय विहिरीत गेली असती. केबलच्या वेळी मात्र सगळा कारभार एकाच शब्दावर. म्हापशाच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात ‘एक केबल द्या’ एवढंच म्हणून पाहा. गल्ल्यावरचा माणूस मान वर न करता ‘खंयची?’ म्हणतो, आणि मग कोर, म्हणजे आतल्या वेगवेगळ्या तारा, किती, एमएम किती, मीटर किती, अशी उलटतपासणी चालू होते. या परीक्षेला अभ्यास करूनच जावं.

पंपाची घ्या. पाण्यात बुडणाऱ्या पंपाला तीन कोरची चपटी केबल लागते. दीडची, अडीचची, चारची म्हणतात ते आकडे जाडीचे नव्हेत, तांब्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाचे, म्हणजे चौरस मिलिमीटरचे. पट्टीनं व्यास मोजून ‘अडीच सांगून पावणेदोनची दिली’ म्हणून भांडायला जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. दीडचीच स्वस्त पडते, म्हणून सगळ्यांची उडी तिच्यावर. पण विजेच्या मीटरपासून विहीर ६० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १२० मीटर तार झाली. दीडच्या तांब्याचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम, म्हणजे इथे जवळजवळ दीड ओहम. १ एचपीचा पंप ८ अँपिअर ओढत असेल तर बारा-एक व्होल्ट वाटेतच खर्च. तेवढं चालून जातं. पण सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट मागते, तेव्हा हाच खर्च ६०-७० व्होल्टवर जातो. संध्याकाळी आधीच व्होल्टेज खाली बसलेलं असलं की मोटर नुसती गुंगुं करते, फिरत नाही. मग कपॅसिटर बदलतात, मेकॅनिक बदलतात, क्वचित देवाला गाऱ्हाणंही घालतात. चारची केबल टाकली असती तर हाच खर्च पंचविसाच्या आसपास राहिला असता.

पंपाची शेपटी, म्हणजे पंपातूनच निघालेली आखूड वायर, आणि केबल यांचा जोड पाण्याखाली जातो. तिन्ही कोरांचे जोड एका रेषेत न ठेवता पायरीपायरीनं मागेपुढे घ्यावेत, प्रत्येकावर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी, आणि मग वरून साधी. नुसती काळी टेप गुंडाळली तर ती पहिल्याच पावसाळ्यात पाण्याला सामील होते. आणि पंप केबलला धरून वर ओढू नये. त्यासाठी नायलॉनचा दोर बांधलेला असतो. तो का बांधला, हे पुष्कळांना केबल हातात आल्यावर आणि पंप तळाशी गेल्यावर कळतं.

दुचाकीच्या केबलमध्ये वीज नसते, नुसती ओढाताण असते. आत पोलादी तारांचा पीळ, बाहेर नळी, टोकाला ओतलेली धातूची गोळी. क्लचची केबल जवळजवळ नेहमी लिव्हरपाशी, गोळीच्या मुळाशीच तुटते, कारण प्रत्येक दाबाला तार तिथेच वाकते. तेही एकदम नाही. एकेक तार तुटत जाते, लिव्हर खरखरते, ढील वाढत जाते, मग आपण ॲडजस्टर पिळून ती लपवतो. लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर ढील हवीच. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, पण इथल्या खाऱ्या हवेत आधी गंजतो तो पीळच. पावसाआधी वरच्या टोकातून पातळ तेलाचे दोन-तीन थेंब सोडावेत. ग्रीस नको, त्यात रेती बसते. गिअर नसलेल्या स्कूटरला क्लचची कटकट नाही, पण सीटच्या कुलपालाही केबल असते, आणि पुष्कळ गाड्यांत पेट्रोलचं झाकण सीटखालीच असतं. ती केबल तुटली की टाकी रिकामी, पंप समोर आणि सीट बंद!

टीव्हीची केबल पाण्यानं मरते. मधली तांब्याची तार, भोवती पांढरा फेस, त्यावर जाळी. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी चित्राचे चौकोन होतात. बाहेरच्या जोडात पाणी शिरलं की ते जाळीतून झिरपत आत येतं आणि तांबं हिरवं पडतं. म्हणून भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्यावा, पाणी तिथेच ठिबकतं. फायबरला गंजाची भीती नाही, पण माडाचं चुडत पडून ती काटकोनात वाकली की प्रकाश वाटेतच गळतो आणि डब्यावर लाल दिवा लुकलुकायला लागतो. लोक मग डबा बंद-चालू करत बसतात. बाहेर जाऊन वायर कोणी बघत नाही.

पूर्वी परदेशी पाठवलेल्या तारेलाही केबलच म्हणत, कारण ती खरोखर समुद्रतळाच्या केबलमधून जाई. मुंबई एडन-सुएझमार्गे इंग्लंडशी १८७० साली जोडली गेली. जहाजांवर राबणाऱ्या इथल्या तारवट्यांना मात्र केबलची निराळीच ओळख. जहाजावर नांगराचा साखळदंडही केबल, आणि अंतर मोजायचं मापही केबल, सागरी मैलाचा दहावा हिस्सा, सुमारे १८५ मीटर. पणजीचा अटल सेतू आणि नवा झुवारी पूल तर केबलवरच तोललेले. त्यांच्या केबल मात्र आपल्याला बदलायच्या नाहीत, हे नशीब.

सगळ्यात लबाड जात फोनच्या केबलची. सी टाईपच्या सगळ्या दिसायला सारख्या. पण एखादी नुसती चार्ज करते, फायली नेतच नाही, कारण आत डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. साधी ३ अँपिअरची असते, ५ अँपिअरसाठी टोकात ओळख सांगणारी चिप लागते. ती नसेल तर महागातला चार्जर मुकाट्यानं हळू चालतो. डेटाची पारख सोपी आहे. फोन कॉम्प्युटरला जोडा. फोटो दिसले तर त्या केबलला लगेच लाल टेप गुंडाळा, आणि चवथीला आलेल्या पाहुण्यांनी ‘चार्जर आहे का?’ विचारलं की दुसरी द्या.