‘आधी कापा, बाकीचं नंतर’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कोथरूडपासून हडपसरपर्यंतच्या सोसायटी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मांडीत सार्कोमाची (स्नायू, चरबी यांसारख्या भागांत होणाऱ्या कॅन्सरची) गाठ निघाली तर ताबडतोब ऑपरेशन करा. आधी रेडिएशन-किमो म्हणजे गाठीला वाढायला वेळ आणि हॉस्पिटलला बिल. रेडिएशननंतर जखम भरत नाही. आणि बायोप्सीची सुई लागली की कॅन्सर अंगभर पसरतो.

सुईचं आधी उरकू. सार्कोमाचे पन्नासाहून जास्त प्रकार आहेत. कुठला ते तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही. जाणकार सर्जन सुईची वाट पुढच्या चिऱ्याच्या रेषेतच ठेवतात. खरा घोळ उलटाच होतो: चरबीची गाठ समजून ती छोट्या नर्सिंग होममध्ये काढली जाते, आठवड्याने रिपोर्ट सार्कोमाचा येतो. मग उरलेल्या पेशींसाठी पुन्हा, आणि पहिल्यापेक्षा मोठं ऑपरेशन.

‘वेळ देणं’ हा आरोप तर मुळातच चुकीचा. आधी रेडिएशन दिलं तर साधारण ५० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप), २५ बैठका, सोमवार ते शुक्रवार असे पाच आठवडे. तेच ऑपरेशननंतर दिलं तर डोस ६० ते ६६ ग्रेपर्यंत जातो आणि रेडिएशनचा पट्टाही मोठा होतो, कारण तेव्हा सगळा व्रण आणि जखमेतला स्राव काढायला घातलेल्या नळीचं भोकसुद्धा त्यात धरावं लागतं. पाय कायमचा ताठरणं, सुजणं हे त्यामुळेच नंतरच्या रेडिएशनमध्ये जास्त. मधल्या एमआरआयमध्ये गाठ कधी तेवढीच, कधी थोडी मोठीही दिसते. घरचे हादरतात, पण आतला भाग मरून सुजला तरी असंच दिसतं.

जखमेबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. कॅनडातल्या २००२ च्या चाचणीत आधी रेडिएशन घेतलेल्यांपैकी ३५ टक्क्यांच्या जखमेला त्रास झाला, नंतर घेतलेल्यांत १७ टक्क्यांच्या. दुप्पट! म्हणूनच ऑपरेशन चार-सहा आठवडे थांबून करतात आणि मांडीच्या मोठ्या गाठीला प्लास्टिक सर्जन आधीच सोबत घेतात. पण ‘भरतच नाही’ हे खोटं.

आता ऑपरेशनआधी रेडिएशन आणि किमो दोन्ही एकत्र. रेडिएशन पाय राखायला मदत करतं. किमो फुप्फुसाकडे निसटलेल्या पेशींसाठी, आणि आयुष्य किती वाढतं यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. त्यामुळे हा बेत सरसकट नसतो. गाठ खोल, पाच सेंटिमीटरहून मोठी आणि हाय ग्रेड (आक्रमक पेशींची) असेल, माणूस धडधाकट असेल, तरच विचार. औषधं बहुधा डॉक्सोरुबिसिन आणि आयफॉस्फमाइड. पहिलं हृदयाला, दुसरं किडनीला त्रास देऊ शकतं, म्हणून टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि किडनीच्या तपासण्या आधी. किमोच्या फेऱ्यांमध्ये रेडिएशन बसवलेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत ६४ पैकी तिघे उपचारांच्याच दुष्परिणामांनी गेले. हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, त्यात संकोच कसला?

पोटाच्या मागच्या बाजूच्या सार्कोमाचं गणित वेगळं. २६६ रुग्णांच्या, २०२० मध्ये निकाल आलेल्या चाचणीत आधीच्या रेडिएशनने एकूणात फायदा दिसला नाही. मांडीचा नियम पोटाला लावू नये.

राहिलं बिल. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, किमो, रेडिएशन तिन्ही येतात. पण जुन्नर-इंदापूरच्या माणसाला पाच आठवडे पुण्यात राहायला खोली स्वतःच शोधावी लागते. खर्चावरून चिडायचंच असेल तर यावरून चिडा.