२२२-० वर हसणाऱ्यांसाठी

आज ग्रुपवर परत तो स्कोअरबोर्डचा फोटो आला, जॉर्जिया टेक २२२ कंबरलँड ०, १९१६ साल, आणि खाली हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग. डोकंच फिरलं माझं. कुणावर हसताय?

अमेरिकन फुटबॉल आहे हा, बॉल हातात धरून पळायचा तो. जॉर्जिया टेक म्हणजे अटलांटाचं कॉलेज. कंबरलँड म्हणजे टेनेसीतल्या लेबनन गावचं छोटं कॉलेज, आणि त्यांनी फुटबॉल बंदच केला होता हो! टीमच नव्हती. पण मॅच ठरलेली होती आणि आला नाहीत तर ३००० डॉलर भरा असं कलम. त्या काळचे ३०००! मग जॉर्ज अ‍ॅलन नावाच्या स्टुडंट मॅनेजरने मित्र, लॉ शिकणारी पोरं, जे हाताला लागले ते गोळा केले आणि ७ ऑक्टोबरला अटलांटात उभे केले.

मला आमची मुलींची कबड्डी टीमच आठवते. जिमखान्यात पैसे नाहीत म्हणून टीम बंद, पण झोनलला नाव आधीच गेलेलं, नाही गेलो तर कॉलेजला दंड. मग सरांनी हॉस्टेलमधून आम्हाला उचललं. निम्म्या जणींनी शाळेनंतर कबड्डी खेळलीच नव्हती. समोरच्यांनी लोणवर लोण चढवले, आणि त्यांचे कोच शेवटच्या मिनिटापर्यंत मेन रेडरलाच पाठवत होते.

तिकडे तेच. टेकचा कोच कोण, तर जॉन हाइजमन, ज्याच्या नावाने आज तिकडच्या कॉलेज फुटबॉलमधली सगळ्यात मानाची ट्रॉफी देतात. पहिल्या क्वार्टरला ६३-०, हाफटाइमला १२६-०, तरी माणूस थांबेना. ३२ टचडाउन, म्हणजे ३२ वेळा बॉल समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार! म्हणे त्याच वर्षी बेसबॉलमध्ये कंबरलँडने त्यांना २२-० हरवलं होतं, तेही भाड्याचे खेळाडू आणून. असेल, चुकलंच ते. आणि नुसत्या पॉइंटवर टीमची लायकी ठरवणाऱ्या पत्रकारांना त्याला धडा द्यायचा होता असंही सांगतात. बरं, दे ना. पण त्या पोरांच्या अंगावरून?

आणि हेच कंबरलँड १९०३ मध्ये अलाबामा, एलएसयू (लुइझियाना स्टेट), टुलेन या तीन युनिव्हर्सिटींना एका आठवड्याच्या आत हरवून आलेलं, मग क्लेमसनशी ११-११ बरोबरी केलेली. क्लेमसनचा कोच तेव्हा कोण होता? हाच हाइजमन. त्याला माहीत होतं समोर कोण आहे ते.

आम्ही परत येताना एसटीत कुणीच बोलत नव्हतं. मग मागच्या सीटवरून एकीने गाणं धरलं आणि हळूहळू सगळ्याच गायला लागलो, सर पण. गुडघे सोललेले, तरी छान वाटत होतं, का ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या रेडरचा राग नाही मला, तिला पाठवलं म्हणून ती आली. कोचचा आहे. अजून आहे.

तो अ‍ॅलन पुढे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन आणि आयझेनहॉवरच्या जवळच्या वर्तुळात गेला, ही मॅच स्वतःच रंगवून सांगायचा. त्याने हसावं, तो मैदानात होता.

आणि आपल्याकडे शाळा-कॉलेजच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना एक सांगणं आहे. १९१६ मध्येसुद्धा त्या मॅचचा दुसरा हाफ छोटा केला होता. तुम्ही का नाही करत? एकतर्फी झालं की दोन्ही कोचना बोलवा आणि आटपा. नियमात बसत नसेल तर नियम बदला. वाद घालायचाय त्यांनी कमेंटमध्ये या, मी जागी आहे.