कादंबरीतली माणसं पोटापाण्याला काय करतात?

कादंबरी हातात आली की हल्ली माझं लक्ष आधी एकाच गोष्टीकडे जातं. यातला माणूस पोटासाठी काय करतो? आणि तो ते करताना दिसतो का, की नुसतं सांगून टाकलंय? आपल्याकडच्या कित्येक कादंबऱ्यांत नायक 'एका कंपनीत' असतो. कंपनी काय बनवते ते शेवटपर्यंत कळत नाही. ऑफिसात कॅन्टीन असतं, कॅन्टीनमध्ये एक मुलगी असते, आणि पुढची दोनशे पानं नायकाला एकटं एकटं वाटत राहतं. पगार मात्र दर महिन्याला वेळेवर होतो. (नावं घेत नाही. भांडणं नकोत.)

म्हणून देविदास सौदागर यांची 'उसवण' वाचून समाधान वाटलं. 2024 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला तेव्हा लेखक तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम करणारे, अशा बातम्या सगळीकडे झळकल्या होत्या. मला धास्ती होती की पुस्तकापेक्षा लेखकाचीच गोष्ट मोठी होऊन बसणार. तसं झालेलं नाही. एक टेलर आहे आणि रेडिमेड कपड्यांनी त्याचा धंदा खाल्लाय, एवढंच कथानक. आपण सगळ्यांनी हे डोळ्यांदेखत होताना पाहिलंय. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक टेलरमामा आहेत. पूर्वी दिवाळीला महिना असतानाच 'आता नवीन घेत नाही' म्हणून कापड परत पाठवायचे. आता जीन्सची उंची कमी करतात, चेन बदलतात, ब्लाउजची शिलाई उसवून अर्धा इंच सैल करून देतात. जूनमध्ये युनिफॉर्मचं काम असायचं. शाळेनेच दुकान ठरवून दिलं आणि तेही गेलं. काजं करायला एक मुलगा यायचा, तो कधीपासून दिसेनासा झाला हे मला आठवतसुद्धा नाही. 'उसवण' वाचेपर्यंत ते लक्षातही आलं नव्हतं.

आणि वाचता वाचता 'धग' आठवली. उद्धव शेळक्यांची, 1960 ची. तिथेही कौतिकचा नवरा महादेव शिंपीच. पण तिथे घर खचतं त्यात महादेवाच्या नाकर्तेपणाचा, पुढे त्याच्या आजाराचा मोठा वाटा आहे, आणि कौतिक एकटी सगळं ओढत राहते. महादेवाचा राग तरी करता येतो. 'उसवण'मध्ये कुणावर रागवायचं? हातात कसब आहे, राबायची तयारी आहे, गिऱ्हाईक तेवढं नाही. या दोन कादंबऱ्या पाठोपाठ वाचून बघा, साठ वर्षांत काय बदललं ते कुठल्याही अहवालापेक्षा नीट कळेल. तक्रार म्हणाल तर 'उसवण' मला तोकडी वाटली. टेलरच्या बायकोपाशी लेखकाने अजून थोडं थांबायला हवं होतं.

कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला 2023 चा साहित्य अकादमी मिळाला, तरी मी ती बरेच दिवस लांबवली होती. कारण सरळ आहे, धरणग्रस्तांची कादंबरी म्हटलं की मोर्चे, मोबदला, पुनर्वसनातली नापीक जमीन असं सगळं आधीच डोळ्यासमोर येतं. खोतांनी ते सगळं एका म्हशीवर आणून ठेवलंय. गाव उठलं, जनावर मागे राहिलं, आणि देवाप्पा त्या सोडलेल्या गावात म्हैस आणायला परत जातो. म्हैस आता रानाची झालीय. मालकाला जुमानत नाही, उलट अंगावर येते.

माझ्या मामांकडे म्हशी होत्या. धार काढायला नवीन माणूस बसला की म्हैस पान्हा चोरते. कितीही आंबोण पुढे ठेवा, कासेला कितीही पाणी मारा, दूध सोडत नाही. मामी मग तिच्या पाठीवर हात फिरवत काहीतरी पुटपुटत उभी राहायची. ती ओळख एकदा तुटली की काय होतं, हे 'रिंगाण'मध्ये आहे. देवाप्पाला जनावर कळतं. दुसरं काही येत नाही असंही म्हणता येईल. आणि नेमकी तीच विद्या इथे उपयोगी पडत नाही. बाई, काय ताण आहे त्या पानांत! भाषा कोल्हापूरकडची, ठसठशीत. सुरुवातीला अडखळले, मग मोठ्याने वाचायला लागले आणि वाट मिळाली.

या कादंबऱ्यांना 'ग्रामीण' असा शिक्का मारून वेगळ्या फळीवर ठेवतात त्याचा मला वैताग आहे. 'बनगरवाडी' 1955 ची, माझी अतिशय आवडती. पण तिथे धनगरांचं जग आपल्याला बाहेरून आलेला तरुण मास्तर दाखवतो. आपणही मास्तरसोबत वाडीत शिरतो आणि त्याच्यासोबतच बाहेर पडतो. 'रिंगाण'मध्ये असा मधला मास्तर नाही. शहरी वाचकाला हात धरून नेणारं कुणी नाही, आणि ते चांगलंच आहे.

मनोज बोरगावकरांच्या 'नदीष्ट'चं कौतुक इतकं ऐकलं होतं की थोडी नाराजच झाले. नांदेडची गोदावरी, रोज पोहायला जाणारा निवेदक, आणि काठावर भेटणारी माणसं. नदीत उतरण्याची, पाण्याच्या अंगाची वर्णनं अप्रतिम. ती फक्त नियमाने पोहणाऱ्यालाच लिहिता येतील. पण जो तो निवेदकापाशी येऊन मन मोकळं करतो आणि निवेदक प्रत्येक वेळी समजूतदारच निघतो. इतका चांगला माणूस मला कादंबरीत खटकतो. तृतीयपंथी सगुणाचा भाग आला की मात्र ही तक्रार विसरायला होते.

प्रवीण बांदेकरांच्या 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या'बद्दल थोडक्यात. सिंधुदुर्गातल्या ठाकरांचा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ कुडाळजवळच्या पिंगुळीत आजही टिकून आहे. त्या खेळाचा दोर हातात घेऊन आजच्या राजकारणाबद्दल बोलायचं, ही कल्पनाच जबरदस्त आहे. 2022 चा अकादमी तिला मिळाला तो योग्यच. माझ्या मते तिच्यात विषयांची दाटी झालीय, आणि मला बाहुल्या हलवणारे हात अजून बघायचे होते.

आता ज्याने मी स्वतःच अस्वस्थ आहे ते. वरच्या यादीत एकही बाई लेखिका नाही आणि बाईचं कामही जवळजवळ नाही. कविता महाजनांची 'ब्र' मी कधीही काढून वाचू शकते, ती याचसाठी. आदिवासी भागातल्या सरपंच बायकांना भेटत फिरणारी प्रफुल्ला, तिचा प्रवास, संस्थेतल्या कुरबुरी, त्या बायकांची ग्रामपंचायतीतली अडवणूक. काम म्हणजे काय ते त्यात दिसतं. पण ती 2005 ची. त्यानंतर? ऊसतोडीला जाणारी बाई, अंगणवाडी सेविका, नर्स, ब्युटी पार्लर चालवणारी, बँकेत काउंटरवर बसणारी, यांच्या कामाच्या वेळेतली कादंबरी कुठे आहे? प्रेमाच्या आणि दुःखाच्या वेळेतली नको, ती भरपूर आहे.

असेल कदाचित, माझ्यापर्यंत पोचली नसेल. आमच्या शहरातल्या पुस्तकाच्या दुकानात पुढे स्पर्धा परीक्षेची गाईडं, मागे श्रीमंत कसं व्हावं याची भाषांतरं. 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा त्याच दुकानाबाहेर मोठा फ्लेक्स लागला होता. 'रिंगाण' आहे का विचारलं तर 'मागवावं लागेल' म्हणाले. मागवायला सांगितलं, तर फोन काही आला नाही. शेवटी प्रकाशकाकडूनच घेतली.

सध्या रंगनाथ पठारेंची 'सातपाटील कुलवृत्तांत' सुरू आहे. आठशेच्या आसपास पानं, एका घराण्याची सातशे वर्षं. आडवं पडून वाचायची सोय नाही, छाती दुखते. तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

तोवर कमेंटमध्ये नावं टाका. अट एकच: गेल्या दहा-पंधरा वर्षांतली मराठी कादंबरी हवी आणि तिच्यातली बाई कामावर दिसली पाहिजे. 'छान पोस्ट' लिहू नका, पुस्तकाचं नाव लिहा.